येते न म्हणता

घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, ‘येते’ म्हणायचं असतं, हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. चुकून ‘जाते’ निघून गेलंच, तर घरातलं वडीलधारं कुणीतरी लगेच टोकतं, निघणारी व्यक्ती मुकाट्यानं ‘बरं, येते’ म्हणते आणि चपला घालते. इतर घरांत विषय तिथेच संपतो. बिराजदारांच्या घरात तो तिथे सुरू व्हायचा.

महानंदा बिराजदार सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायची. सकाळी निघताना ती खोलीच्या दारातून ‘येते रे’ म्हणायची. तिचा धाकटा भाऊ मल्लिनाथ, म्हणजे मल्लू, संगणकावरून मान वर करून विचारायचा, “येतीस ना अक्का?” ती म्हणायची, “येते.” मग चपला घालताना एकदा, जिन्याच्या वळणावर एकदा, फाटकाशी आल्यावर वर गॅलरीकडे बघून एकदा. बस सुटली की फोन, आणि फोनवरही पहिलं वाक्य तेच. मधेच शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि शब्द नीट ऐकू आला नाही, तर सगळं पहिल्यापासून. कॉलेजात तिला उशीर व्हायचा आणि ती बसला दोष द्यायची. बस बिचारी विनाचालक होती, ती कुणाला काय सांगणार.

मल्लू काही लहान नव्हता. चाळिशी उलटलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेले, कामात मात्र पक्का. चादरींच्या कारखान्यांसाठी तो घरबसल्या नक्षी तयार करायचा. त्यानं रेखाटलेले मोर आणि वेली अर्धा देश अंगावर पांघरून झोपायचा, पण तो स्वतः कित्येक वर्षांत गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा एकटा गेला नव्हता. अक्काबरोबर कुठेही जायचा. एकट्यानं नाही. कारण आपण बाहेर असताना अक्का घरातून निघाली, तिचं ‘येते’ ऐकायला घरात कुणीच नसलं, आणि त्यामुळे ती परत आलीच नाही, तर?

त्याच्या भीतीला एक मूळ होतं. तो शाळेत असताना आप्पा, म्हणजे ह्या दोघांचे वडील, मोटारसायकलवरून अक्कलकोटला निघाले आणि वाटेत त्यांना ट्रकनं उडवलं. निघताना आप्पा ‘जातो’ म्हणाले होते, असं मल्लूचं म्हणणं. महानंदाला आठवत होतं त्याप्रमाणे ते काहीच म्हणाले नव्हते, कानाला फोन लावून तसेच जिना उतरले होते. ह्या एका गोष्टीवर बहीणभावांचं कधीच एकमत झालं नाही. पुढे आईही आजारपणात गेली आणि घरात दोघंच उरली.

मनात आलेला विचार आणि बाहेर घडणारी गोष्ट ह्यांच्यामधली भिंत झिजते, आणि मग एखादा शब्द किंवा एखादी कृती केल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. पुस्तकात ह्या विकाराला लांबलचक नाव आहे, लोक त्याला मंत्रचळ म्हणतात. महानंदा हा धडा दर वर्षी शिकवायची आणि छान शिकवायची. फळ्यावर ती भीतीचा आलेख काढायची. भीती चढते, माथ्यावर पोचते, आणि तिला कुणी हात लावला नाही तर आपोआप उतरते. तेवढा वेळ थांबलं की शरीराला कळतं की काही होत नाही. पण मंत्रचळ असलेला माणूस थांबत नाही. भीती चढत असतानाच तो हात धुतो, कुलूप ओढून बघतो, कुणाला तरी विचारतो. तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडतो, आणि शरीर शिकतं ते उलटंच, की हात धुतले म्हणून वाचलो. हे सगळं शिकवून ती खडू ठेवायची आणि मधल्या सुट्टीत मल्लूला फोन करून ‘येते’ म्हणायची. गंमत म्हणजे ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं आणि गळी उतरणं ह्यांत फरक आहे. आपण प्रेमळ आहोत, म्हणून म्हणतो, एवढंच तिला वाटायचं. स्वभाव मोजायची जी पाच गुणांची चाचणी ती मुलांकडून भरून घ्यायची, तिच्यात तिचा स्वतःचा सौजन्याचा रकाना काठोकाठ भरलेला होता.

त्या वर्षी सोलापुरात जोडमाप आलं.

माणसाचा स्वभाव नेमका असतो कुठे, हा मानसशास्त्रातला जुना तंटा आहे. कुणी म्हणतं बालपणात पुरलेल्या इच्छांमध्ये. कुणी म्हणतं लागलेल्या सवयींमध्ये. कुणी पाच गुणांची मोजपट्टी काढतं आणि माणूस त्या पाच आकड्यांत बसवतं. कुणी म्हणतं, स्वभाव वगैरे काही नाही, प्रसंग बदलला की माणूस बदलतो. सगळ्यांचं थोडंथोडं खरं निघायचं आणि भांडण पुढच्या पिढीकडे जायचं. जोडमाप काढणाऱ्यांनी ह्या भांडणात भाग न घेता एक साधं काम केलं. एका माणसाला मोजायचं सोडून त्यांनी दोन माणसांना एकदम मोजलं.

कानामागे चिकटवायची एक चकती, टिकलीपेक्षा थोडी मोठी. माणूस धास्तावला की त्वचेला सूक्ष्म घाम येतो, हृदयाच्या ठोक्यांमधली अंतरं एकसारखी व्हायला लागतात, आवाज जरा ताणला जातो. हे मोजणारी घड्याळं आधीपासून होती. नवीन गोष्ट एवढीच की एका घरातल्या दोन चकत्या एकमेकींशी बोलायच्या आणि कुणाची लाट आधी उठली, कुणाची मागून, कोण कुणाला ओढतंय, हे दाखवायच्या. त्यातून लक्षात आलं की एकच बाई नवऱ्यासमोर घाबरट असते, बहिणीसमोर आगाऊ असते आणि मुलासमोर तिसरीच कुणी असते, आणि ह्यातली कुठलीही खोटी नसते. स्वभावाचा बराचसा भाग माणसाच्या आत नसून दोन माणसांच्या मधे असतो.

मग काय, गावभर धुमाकूळ. लग्न जुळवणारी मंडळी पत्रिका बाजूला ठेवून जोडमाप मागायला लागली. एका पतपेढीच्या साहेबांची बदली झाली, कारण ते रजेवर गेले की सगळ्या कर्मचाऱ्यांचे आलेख हिरवळीसारखे सपाट पसरायचे. एका जोडप्यात सगळ्यात जास्त शांतता टीव्ही चालू असताना असते असं निघालं, आणि त्यांनी आणखी मोठा टीव्ही घेतला. सासवांनी एकजात नकार दिला.

महानंदाला ह्या सगळ्याचं फार कुतूहल वाटायचं. ती वर्गात मुलांना ह्याच्या बातम्या वाचून दाखवायची. पण घरात चकती आणायची कल्पना तिची नव्हती, मल्लूची होती. एका संध्याकाळी ज्वारीची भाकरी मोडता मोडता तो म्हणाला की कारखान्यात नवा माग बसलाय, तीन-चार महिन्यांनी त्याची नक्षी त्यावर चढणार आहे, आणि त्याला ती विणली जाताना बघायचीय. महानंदा लगेच म्हणाली, जाऊ की रविवारी. मल्लूनं हातातला तुकडा ताटात ठेवला.

“तुझ्यासंगं नाही, अक्का. मला एकट्याला जायचंय.”

हा त्या घरातला नवाच शब्द होता. त्याआधी ते जोडमाप लावून बघू, असंही तोच म्हणाला. महानंदाला आनंद झाला, निदान तिनं तसं स्वतःला सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिनं यास्मिनला फोन लावला.

डॉ. यास्मिन तांबोळी एकेकाळी महानंदाची विद्यार्थिनी होती. अकरावीत विकारांचा धडा सुरू झाला की अर्ध्या वर्गाला ते विकार व्हायचे, हे दर वर्षीचंच. यास्मिनला मात्र ते एकेक करून सगळे झाले होते. दर आठवड्याला ती शिक्षकांच्या खोलीत रडवेली होऊन यायची आणि महानंदा विचारायची, आज कोणता? तीच मुलगी आता सात रस्त्याजवळ स्वतःचा दवाखाना चालवत होती, आणि मंत्रचळावरच्या उपचारांसाठी तिचं नाव घेतलं जायचं. तिनं दोघांच्या कानामागे चकत्या लावल्या. दोन आठवडे नेहमीसारखं वागा, काही बदलू नका, एवढंच सांगितलं.

दोन आठवड्यांनी तिघं तिच्या पडद्यासमोर बसली. यास्मिननं आधी मल्लूचा आलेख दाखवला. महानंदाला त्यात काही नवीन दिसलं नाही. ती निघाली की मल्लूची रेघ चढायची, ‘येते’ ऐकलं की किंचित उतरायची, मग पुन्हा चढायची. फळ्यावर ती काढायची तेच चित्र. मनातल्या मनात तिला जरा बरंही वाटलं, आपण बरोबर शिकवतो म्हणून.

“आता दुसरा बघा, मॅडम,” यास्मिन म्हणाली. “हा तुमचा.”

“माझा कशाला? त्रास त्याला आहे.”

यास्मिननं दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या. निळी मल्लूची, भगवी महानंदाची. सकाळची वेळ. मल्लूची रेघ सपाट, तो कामात आहे. महानंदा अजून स्वयंपाकघरात आहे आणि तिची भगवी रेघ वर निघाली आहे. ती चढत जाते. मग कुठे निळी हलते. मग मल्लू विचारतो, येतीस ना. ती म्हणते, येते. आणि भगवी रेघ कड्यावरून दगड सुटावा तशी खाली येते. निळी जेमतेम बोटभर.

यास्मिननं आणखी काही सकाळी दाखवल्या. प्रत्येक वेळी तेच. भगवी आधी, निळी मागून. विचारल्यावर सुटका भगवीची.

मग मल्लूनं हळूच मान वळवली.

“म्हणजे तूच मला विचारायला लावायलीस की काय, अक्का?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, चक्क मौज होती. पण महानंदाला कुणी तोंडावर मारल्यासारखं झालं. ती म्हणाली की यंत्राला काय कळतंय, सकाळी घाईत कुणाचाही जीव वरखाली होतो, गॅस असतो, बस असते. यास्मिननं ते ऐकून घेतलं. मग तिनं सावकाश सांगितलं की आजार मल्लूलाच आहे, तो महानंदानं दिलेला नाही, कुणी कुणाला असा आजार देऊ शकत नाही. पण आजार घरात राहतो तेव्हा घरातलं दुसरं माणूस त्याच्यासाठी जागा करून देतं, आणि करता करता त्या जागेची त्यालाच सवय होते. “तुम्ही त्याच्यासाठी ‘येते’ म्हणता हे खरंच आहे, मॅडम. पण तुमच्यासाठीही म्हणता.”

परतीच्या वाटेवर महानंदा बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. तिला यास्मिनचा राग आला होता. अकरावीतल्या पोरीनं आपल्याला शिकवावं ह्याचा आला होता, की तिनं नेमकं बोट ठेवलं ह्याचा, हे तिला सांगता आलं नसतं.

पण बाई मुळातच चौकस. राग दोन दिवस टिकला आणि मग कुतूहल वरचढ झालं. आपल्याच शरीरात काहीतरी चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही, हे तिला सहन होईना. एका सुट्टीच्या सकाळी तिनं फोनवर आपली रेघ उघडून समोर ठेवली आणि पर्स उचलली. रेघ हलली. पर्स खाली ठेवली, रेघ बसली. पुन्हा उचलली. कुठेही जायचं नव्हतं, तरी रेघ हलली. मग ती उठून खरोखर निघाल्यासारखी दारापर्यंत गेली आणि तिथे तिला स्वतःची एक गोष्ट सापडली, जी आजवर तिनं कधी बघितलीच नव्हती. ती दारात येऊन घसा खाकरायची. खाकरून थांबायची. क्षणभर, पण थांबायची.

“निघालीस काय अक्का?” आतून मल्लूचा आवाज आला.

ती त्या प्रश्नाची वाट बघत उभी राहायची. इतकी वर्षं तिला वाटत होतं की प्रश्न येतो म्हणून आपल्याला थांबावं लागतं.

त्या दुपारी तिनं पंखा लावला, पडून राहिली आणि स्वतःलाच प्रश्न विचारले, जसे ती मुलांना विचारायची. कशाची भीती वाटते तुला? मल्लूला काही होईल ह्याची? नाही. आपण परत येणार नाही ह्याची? तेही नाही. उत्तर सापडलं तेव्हा ते इतकं साधं होतं की तिला लाज वाटली. एखाद्या दिवशी कुणी विचारलंच नाही तर, ह्याची. घरातून निघालो आणि कुणाला पडलेलीच नाही, परत ये की येऊ नको, ह्याची. मग तिला बिदरचं स्थळ आठवलं. भाऊ आजारी आहे, त्याला सोडून कशी येऊ, असं सांगून तिनं ते नाकारलं होतं, आणि सगळे नातेवाईक किती मोठ्या मनाची पोर म्हणून हळहळले होते. खरं तर ती माणसं म्हणाली होती की भावालाही घेऊन ये, घर मोठं आहे. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. मल्लूलाही नाही. ती उठून बसली. तिला रडू आलं आणि ते तिनं येऊ दिलं.

रडून झाल्यावर तिनं यास्मिनला कळवलं की आम्ही तयार आहोत.

उपचार ऐकायला सोपा होता. महानंदानं निघताना ‘येते’ म्हणायचं नाही. मल्लूनं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. फाटकाशी मागे वळून बघायचं नाही, बसमधून फोन नाही. दोघांनी आपापली रेघ बघायची आणि तिला उतरू द्यायची. पहिल्या सकाळी मल्लू गॅलरीचा कठडा धरून उभा राहिला, कपाळावर घाम. महानंदा जिना उतरताना प्रत्येक पायरीवर ओठ आवळून होती. कॉलेजात ती तासभर काय शिकवत होती तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पण संध्याकाळी मल्लूनं आलेख दाखवला. निळी रेघ माथ्यावर बराच वेळ टेकून राहिली होती, आणि मग, कुणी काही न करता, उतरली होती. तो ती रेघ एखादी नवी नक्षी बघावी तशी बघत होता. बोटानं उतार गिरवत होता.

मल्लू चांगला विद्यार्थी निघाला. शिक्षिका मात्र लबाडी करायला लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निघताना ती अगदी सहज म्हणाली, “येताना शेपू आणते.” दुसऱ्या दिवशी म्हणाली, आमटी झाकून ठेव, मी आल्यावर फोडणी देते. एकदा तर दूधवाल्याच्या नावानं मोठ्यानं म्हणाली की त्याच्याशी आज संध्याकाळीच बोलते, सोडत नाही. तिला खरोखर वाटत होतं की ती नियम पाळतेय. पण रेघांना शेपूही कळत होता. त्या दिवशी निळी माथ्यावर पोचायच्या आतच खाली घसरली होती, आणि भगवी तर आनंदानं लोळत होती. आठवड्याच्या भेटीत यास्मिननं विचारलं, इथे काय झालं? महानंदानं आठवून सांगितलं. यास्मिन पोट धरून हसली.

“मॅडम, शेपू म्हणजे ‘येते’च झालं की.”

“अगं पण भाजी तर आणावी लागतेच ना,” महानंदा म्हणाली, आणि स्वतःच हसायला लागली. त्यानंतर महिनाभर त्या घरात भाजी मल्लूनं फोनवरून मागवली.

आठवडे गेले. निळे डोंगर बुटके होत गेले, मग टेकड्या झाल्या, मग नुसते उंचवटे. प्रश्न आधी जिन्यावर थांबला, मग दारात थांबला. मल्लू गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून शेंगांची चटणी घेऊन आला, आणि ती आणल्याचं त्यानं कारखान्याच्या माणसाला फोनवर उगाचच सांगितलं. महानंदा हे सगळं बघत होती आणि तिचा ऊर भरून येत होता. खोटं नाही ते. पण भगवी रेघ काही बुटकी होत नव्हती.

मग एका सकाळी ती तयार होऊन खोलीच्या दारात आली. मल्लू पडद्यावरच्या एका वेलीत गढून गेला होता, जीभ दातांत धरून. तिनं घसा खाकरला. त्यानं मान वर केली नाही. ती चपला घालून जिना उतरली, अर्ध्या जिन्यावर थांबली, आणि पर्समध्ये चष्मा असतानाही चष्मा विसरला म्हणून वर आली. खोलीत जाऊन टेबलावरचे कागद इकडचे तिकडे केले. मल्लू म्हणाला, “काय शोधायलीस?” ती म्हणाली, काही नाही. तो पुन्हा वेलीत शिरला. त्या दिवशीची भगवी रेघ आजवरची सगळ्यात उंच होती, आणि बसमध्ये बसून ती बघताना महानंदाला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की भाऊ बरा होतोय आणि आपण अजून दवाखान्याच्या दारातसुद्धा पोचलेलो नाही.

तिनं ते यास्मिनला सांगितलं. यास्मिन हसली नाही. ती म्हणाली की तुमच्या रेघेला आजाराचं नाव नाही, मॅडम, असली भीती सगळ्यांनाच असते. पण उतरायची रीत तीच. वेगळी रीत कुणाकडे नाही.

नक्षी मागावर चढायचा दिवस आला. मल्लूनं इस्त्रीचा शर्ट घातला, आरशात बघून विरळ केसांवरून दोनदा कंगवा फिरवला, खिशात घराची किल्ली टाकली. महानंदाला सुट्टी होती. ती हॉलमध्ये वर्तमानपत्र धरून बसली होती, वाचत काही नव्हती. मल्लू दारात आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो सरळ उभा होता.

“जातो, अक्का,” तो म्हणाला.

जातो. मुद्दाम, शांतपणे, तिच्याकडे बघत. हा शब्द त्यानं स्वतः निवडला होता, यास्मिननं सांगितलेला नव्हता. आप्पांच्या तोंडी त्यानं घातलेला शब्द त्यानं स्वतःच्या तोंडी घेतला होता आणि तो घेऊन तो चौकटीत उभा होता. महानंदाच्या जिभेच्या टोकावर ते आलं, जे ह्या मुलखातल्या कुठल्याही मोठ्या बहिणीच्या जिभेवर येईल. जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं. नुसतं टोकायचं, एवढंच. इतकी साधी गोष्ट, सगळेच म्हणतात. तिनं वर्तमानपत्राची कड घट्ट धरली.

“बरं,” ती म्हणाली.

तो जिना उतरला. फाटक वाजलं. ती गॅलरीत गेली नाही.

मग भीती वर चढायला लागली. तिला फोनवरची रेघ बघायची गरज नव्हती, पोटात गोळा आला होता, हातांना मुंग्या आल्या होत्या, कान त्या जिन्याकडे लागले होते. बस आली असेल. बसला असेल. उतरायचं ठिकाण चुकलं तर? फोन हाताशी होता. ‘पोचलास का’ एवढं विचारलं तर काय बिघडतंय. विचारणार ते कशासाठी, हे तिला माहीत होतं, तरी हात दोनदा फोनकडे गेला आणि दोनदा परत आला. सकाळ चढत गेली, उन्हाचा पट्टा दारातून आत सरकला, आणि तिला वाटलं ही भीती आता अशीच राहणार, कायमची, फळ्यावरचं चित्र खोटं आहे.

आणि मग ती उतरली.

कुणी काही केलं नाही. फोन वाजला नाही, मल्लू आला नाही, यास्मिननं काही समजावलं नाही. आधी हातांच्या मुंग्या गेल्या, मग पोट सैल झालं, मग तिला खालून रद्दीवाल्याची हाक ऐकू आली आणि लक्षात आलं की बराच वेळ आपल्याला काहीच ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं शिकवलेला तो उतार तिनं आज पहिल्यांदा आतून पाहिला. ती चकित होऊन बसून राहिली. हे असं असतं होय.

त्यानंतर घर फार शांत झालं. मल्लूच्या संगणकाची घरघर नव्हती. दुपारपर्यंत तिला काहीही करायचं नव्हतं, कुणालाही सांभाळायचं नव्हतं, आणि ह्या विचारानं भीती वाटायच्या ऐवजी तिला हुरूप आल्यासारखं झालं. किल्ल्याच्या मागचा तलाव म्हणे यंदा पाण्यानं भरलाय, नवे पक्षी आलेत. वर्गातल्या मुली सांगत होत्या. कधीच्या सांगत होत्या.

तिनं साडी बदलली. पर्स उचलली. आणि दाराशी आल्यावर तिला उमगलं की आज ‘येते’ म्हणायचं नाही असा प्रश्नच नाही, म्हणायला समोर कुणी नाहीच. मल्लू परत येईल तेव्हा घर बंद असेल. अक्का काही न बोलता गेलेली असेल. त्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती होती, तेच. टेबलावर पेन होतं, कोरा कागद होता. तलावावर गेलेय, एवढं लिहिलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. ती कागदाकडे बघत उभी राहिली. त्याच्याकडे किल्ली आहे, तिनं स्वतःला सांगितलं. त्याच्याकडे उतारही आहे, तोही तो स्वतःच शिकलाय, आपल्या आधी. तिनं पेन होतं तिथेच राहू दिलं.

तिनं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि जिना उतरली. मल्लू कुठे असेल, कधी येईल, तिला ठाऊक नव्हतं. अक्का कुठे गेली, कधी येईल, हे मल्लूला ठाऊक नव्हतं. दोघं दोन दिशांना गेल्यानं बिराजदारांचं घर त्या दिवशी पहिल्यांदा असं रिकामं होतं, आणि तिथे कुणीच कुणाची वाट बघत नव्हतं.